डोक्यात मावतील तेवढीच विमानं

नकाशावर मुंबईपासून हैदराबादपर्यंत सरळ रेघ ओढली, तर ती शिरूर आणि दौंड यांच्या मधून जाते. पुणे-नगर रस्त्यावरचं, रांजणगाव एमआयडीसीला लागून असलेलं कारेगाव या रेघेपासून जेमतेम दहा-पंधरा किलोमीटरवर आहे. रात्रपाळीच्या बसची वाट पाहणाऱ्याने मान वर केली, तर लुकलुकत पश्चिमेकडे सरकणारा एखादा दिवा हमखास दिसतो. इथून मुंबईचा विमानतळ हवेतून दीडशे किलोमीटर. म्हणजे मुंबईला उतरणारं विमान या पट्ट्यात येतं तेव्हा त्याने बहुधा खाली यायला सुरुवात केलेली असते. खालून पाहणाऱ्याला वाटतं, पायलट आपला आपल्या वाटेने चालला आहे. खरं तर त्याने किती उंचीवर असावं, नाक कुठे वळवावं, वेग किती ठेवावा, हे मुंबईत पडद्यासमोर बसलेल्या कुणीतरी ठरवून दिलेलं असतं. आणि त्या कुणीतरीच्या पदरात त्या घटकेला हे एकच विमान नसतं. दहा असतील, बारा असतील, गर्दीच्या वेळी पंधरा.

प्रत्येकाचं नाव वेगळं, उंची वेगळी, वेग वेगळा, जायचं ठिकाण वेगळं. माणसाच्या तात्पुरत्या स्मरणशक्तीबद्दल मानसशास्त्र काय सांगतं? १९५६ साली जॉर्ज मिलरने ‘सात, दोन कमी किंवा दोन जास्त’ असा आकडा मांडला. नेल्सन कोवनने २००१ मध्ये तो चारवर आणला. एका वेळी चार गोष्टी धरता येणाऱ्या डोक्याने पंधरा विमानं, तीही धावती, कशी सांभाळायची? या कामाबद्दल वाचायला लागलो ते याच प्रश्नामुळे, आणि जे उत्तर मिळालं ते मला वाटलं होतं त्याच्या अगदी उलटं निघालं.

आधी घाई किती असते ते पाहू. पूर्ण उंचीवरचं जेट विमान मिनिटाला साधारण चौदा किलोमीटर कापतं. कारेगाव ते लोहगाव विमानतळ हे हवाई अंतर सुमारे चाळीस किलोमीटर. एक विमान इकडून आणि एक तिकडून, एकाच उंचीवर समोरासमोर निघालं, तर दीड मिनिटाच्या आत गाठ पडेल. (वाघोलीच्या कोंडीत दीड मिनिटात बसचा गिअरही बदलत नाही.) म्हणून नियम असा, की रडारवर दिसणाऱ्या दोन विमानांत लांबच्या मार्गांवर आडवं अंतर किमान पाच सागरी मैल, म्हणजे सव्वानऊ किलोमीटर हवं. विमानतळाजवळ ते तीन मैलांपर्यंत आणता येतं. तेवढं नसेल तर उंचीत एक हजार फुटांचा फरक हवा. या दोहोंपैकी एक तरी अंतर कायम राखायचं, हे त्या पडद्यासमोरच्या माणसाचं, म्हणजे कंट्रोलरचं काम एका वाक्यात.

पण पडद्यावर जो ठिपका दिसतो, ती काही सेकंदांपूर्वीची जागा असते. विमान आता तिथे नाही. आणि कंट्रोलरला तर आत्ताची जागाही फारशी उपयोगाची नाही, कारण आता दिलेला आदेश पायलटने ऐकून, उच्चारून, विमान वळवून त्याचा परिणाम दिसेपर्यंत अर्धं-पाऊण मिनिट जातं. म्हणून त्याचं मन सतत पुढच्या पाच-दहा मिनिटांत वावरत असतं. अमेरिकन संशोधक मायका एंड्सली यांनी या जाणिवेच्या तीन पायऱ्या सांगितल्या: काय आहे ते दिसणं, त्याचा अर्थ लागणं, आणि त्यातून पुढे काय होईल ते आधी दिसणं. नवशिका पहिल्या पायरीवर दमतो. मुरलेला माणूस तिसऱ्या पायरीवर राहायलाच गेलेला असतो.

कंट्रोलर लोक या सगळ्याला जगभर एकच शब्द वापरतात: पिक्चर. ड्युटी बदलताना नवा माणूस येऊन थेट खुर्चीत बसत नाही. तो काही मिनिटं पाठीमागे उभा राहतो, हेडफोन लावून ऐकतो, पडदा पाहतो. पिक्चर डोक्यात बसलं की मगच जुना उठतो. पिक्चर सुटणं ही या धंद्यातली सगळ्यात मोठी भीती. ठिपके सगळे समोर असतात, पण त्यांची गोष्ट लागेनाशी होते.

हे पिक्चर किती डोक्यातलं असू शकतं, याचा भारतातला दाखला भयंकर आहे. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी दिल्लीजवळ चरखी दादरीवर सौदी अरेबियाचं बोइंग ७४७ आणि कझाकस्तानचं इल्युशिन ७६ एकमेकांवर आदळली. ३४९ माणसं गेली. कंट्रोलरने एकाला चौदा हजार फुटांवर आणि दुसऱ्याला पंधरा हजारांवर ठेवलं होतं, दोघांना एकमेकांची कल्पनाही दिली होती. त्याच्या डोक्यातलं चित्र बरोबर होतं. कझाक विमान मात्र पंधरा हजारांच्या खाली उतरत राहिलं. तेव्हा दिल्लीला फक्त प्राथमिक रडार होतं. ते विमान कुठे आहे हे दाखवी, किती उंचीवर आहे हे दाखवत नसे. उंची होती ती पायलटने सांगितलेली, कागदावर लिहिलेली आणि कंट्रोलरच्या मनात धरलेली. त्यानंतर आपल्याकडे विमानाकडूनच उंची मागवणारी रडारं आली आणि विमानात टक्कर टाळणारी यंत्रणा सक्तीची झाली. आज ठिपक्याशेजारी उंचीचा आकडा आपोआप उमटतो. मनावरचं एक ओझं पडद्यावर उतरलं.

आता पंधरा विमानांचं कोडं. बारा विमानं घेतली तरी त्यांच्या जोड्या होतात सहासष्ट. प्रत्येक जोडी एकमेकींना कुठे छेदते का, हे खरोखर तपासायचं म्हटलं तर कुणालाही घेरी येईल. मुरलेला कंट्रोलर ते करतच नाही. दोघांच्या उंचीत पाच हजार फुटांचा फरक आहे, दोघंही सपाट चाललेत? जोडी बाद. हा पुढे आणि वेगवान, तो मागे आणि हळू? बाद. एका नजरेत साठहून जास्त जोड्या गळून पडतात आणि हातात उरतात दोन किंवा तीन. चार गोष्टी धरणाऱ्या डोक्यात त्या मावतात. बुद्धिबळातल्या तरबेज खेळाडूंवर विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये दाखवलं होतं, की खऱ्या डावातली मांडणी त्यांना क्षणभर पाहूनही आठवते, पण सोंगट्या कशाही विखरून ठेवल्या तर ते नवशिक्यांच्या रांगेत येतात. इथेही तसंच. ज्या विमानाला तीन-चार आदेश द्यावे लागले, त्याचं सगळं आठवतं. जे नुसतं वरून निघून गेलं, त्याचा नंबरसुद्धा सांगता येत नाही. आपण याला विसरभोळेपणा म्हणू. त्या खुर्चीत ते कौशल्य आहे.

याहून नवलाची गोष्ट फ्रान्समध्ये सापडली. झाँ-क्लोद स्पेरांदियो या संशोधकाने १९७० च्या दशकात विमानतळाजवळची उतरणारी विमानं हाताळणाऱ्या कंट्रोलरांचा अभ्यास केला. विमानं वाढत गेली की माणूस तेच काम जास्त जोराने करतो, आणि शेवटी मोडतो, असं आपण धरून चालतो. तसं घडत नव्हतं. विमानं वाढली की कंट्रोलर काम करायची पद्धतच बदलत होता. दोन-तीन विमानं असताना तो प्रत्येकाचा स्वतंत्र विचार करी: याला जवळच्या वाटेने घालू, त्याला थोडा वेग वाढवू दे, हा जड आहे, याला लवकर खाली आणू. गर्दी झाली की हे लाड बंद. सगळ्यांना ठरलेल्या एकाच वाटेने, एकाच वेगाने. आणखी गर्दी झाली की वर घिरट्या घालायला लावायचं आणि एकेकाला खाली घ्यायचं.

घरी चार पाहुणे असले तर आपण प्रत्येकाला विचारतो, तिखट चालेल ना, पोळी की भाकरी. लग्नाच्या पंगतीत कुणी विचारत नाही; पानाला मीठ डावीकडे, वरण-भात मधे, वाढपी पुढे. आणि मांडव भरला की उरलेल्यांनी दुसऱ्या पंगतीला बसायचं. आचाऱ्याच्या हातांचा वेग तोच असतो, बदलतो तो हिशेब. स्पेरांदियोचं म्हणणं हेच, की कामाचा भार आणि कामाची पद्धत एकमेकांना धरून चालतात: भार वाढला की माणूस स्वस्त पद्धतीकडे वळतो आणि त्यामुळे भार पुन्हा आटोक्यात येतो. प्रवाशाला थोडं लांबून जावं लागतं, इंधन थोडं जास्त जळतं. त्या किमतीत डोकं शाबूत राहतं. म्हणजे चांगला कंट्रोलर हा अष्टावधानी नव्हे. आठ अवधानांची वेळच येऊ नये अशी मांडणी तो आधी करून ठेवतो.

आता हे सूत्र घेऊन मे महिन्यात पुन्हा शिरूर-दौंडकडे या. दुपारी चारनंतर वळवाचे ढग चढायला लागतात. खालच्या माणसाला चार टपोरे थेंब आणि मातीचा वास. वर मात्र तो ढग चाळीस हजार फुटांच्याही वर गेलेला असू शकतो आणि त्यात कुठलाच पायलट शहाणपणाने शिरत नाही. एकजण म्हणतो, मला दहा मैल डावीकडे जाऊ द्या. मागचा म्हणतो, वीस मैल उजवीकडे. तिसरा म्हणतो, आत्ता खाली येत नाही. विमानांची संख्या वाढलेली नाही, पण ठरलेली वाट नाहीशी झाली. म्हणजे गर्दीत टेकायला जी स्वस्त पद्धत होती, नेमकी तीच ढगाने हिरावून घेतली. पश्चिमेला लोहगाव आहे. तिथली धावपट्टी हवाई दलाची, नियंत्रणही हवाई दलाचं, आणि सुखोई विमानांचा तळ. त्यामुळे वाट वाकवायची तरी कुठल्याही बाजूने वाकवता येत नाही. शेजारच्याला विचारावं लागतं, आणि विचारायला आणखी काही सेकंद लागतात. कामाचा भार विमानं मोजून कळत नाही, तो असा. म्हणूनच अभ्यासक कधी कंट्रोलरलाच दर काही मिनिटांनी एक ते पाचपैकी बटण दाबायला सांगतात, कधी त्याची नाडी मोजतात, कधी डोळ्यांतल्या बाहुल्या. डोक्यावर ताण आला की बाहुल्या मोठ्या होतात, हे डॅनियल कानेमन आणि जॅक्सन बीटी यांनी १९६६ मध्येच दाखवलं होतं.

ही सगळी विमानं अखेर जिथे जमतात ते मुंबई विमानतळ म्हणजे या कामाची परीक्षाच. तिथे धावपट्ट्या दोन आहेत, पण एकमेकींना छेदणाऱ्या. त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. या एका पट्टीवर ८ डिसेंबर २०१८ रोजी चोवीस तासांत १००७ विमानं चढली-उतरली. त्याच वर्षी जूनमध्ये १००३ चा विक्रम झाला होता, तो मोडला. (डिसेंबरच्या गर्दीत उदयपूरच्या अंबानींकडच्या लग्नसोहळ्याला निघालेल्या पाहुण्यांच्या खासगी विमानांचाही हातभार होता, असं तेव्हा छापून आलं होतं.) हजार सात म्हणजे दिवस-रात्र धरून दर ८६ सेकंदांना एक. गर्दीच्या तासात तर तेव्हा ४६ विमानं, म्हणजे दर ७८ सेकंदांना एक. एक उतरवायचं, एक उडवायचं, असं आलटून-पालटून धरलं तर उतरणाऱ्या दोन विमानांत अडीच मिनिटांपेक्षा थोडं जास्त अंतर, आणि उतरतानाच्या वेगाने ते होतं सुमारे अकरा किलोमीटर. या अकरा किलोमीटरच्या फटीत आधी उतरलेलं विमान पट्टीवरून बाजूला झालं पाहिजे, थांबलेलं पट्टीवर येऊन उडालं पाहिजे, मगच पुढच्याला उतरायची परवानगी. विलेपार्ल्याकडून दिसणारा ८३.८ मीटर उंचीचा मनोरा म्हणजेच एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण), असं आपल्याला वाटतं. मनोऱ्यातली माणसं पट्टी पाहतात. ही अकरा किलोमीटरची फट मात्र त्याआधी, विमान कितीतरी दूर असतानाच, खिडकी नसलेल्या मंद उजेडाच्या खोलीत तयार केलेली असते. तिथल्या लोकांना विमान दिसतच नाही.

पद्धत कितीही चांगली असली तरी मन निसटतं. १ फेब्रुवारी १९९१ च्या संध्याकाळी लॉस एंजेलिसच्या मनोऱ्यातल्या कंट्रोलरने एका छोट्या विमानाला धावपट्टीवर जाऊन थांबायला सांगितलं. त्याच सुमारास दुसऱ्या एका विमानाची नोंदपट्टी सापडेना, त्या शोधाशोधीत लक्ष गुंतलं आणि पट्टीवर उभं असलेलं विमान मनातून पुसलं गेलं. कंट्रोलरने त्याच पट्टीवर बोइंग ७३७ ला उतरायची परवानगी दिली. ३५ जण मृत्युमुखी पडले. मला यात ठळक दिसतं ते हे, की चूक आळसाची नव्हती. ठेवलेल्या गोष्टीची आठवण करून द्यायला बाहेर काहीच नव्हतं.

म्हणूनच कंट्रोलर मंडळी स्मरणशक्तीवर विसंबत नाहीत, तिला टेकू देतात. प्रत्येक विमानाची एक अरुंद कागदी पट्टी, तिला स्ट्रिप म्हणतात. त्यावर नंबर, मार्ग, उंची. आदेश दिला की जुनी उंची खोडून नवी लिहायची. ज्या विमानाकडे लक्ष ठेवायचं आहे त्याची स्ट्रिप ओळीतून थोडी तिरकी, बाहेर काढून ठेवायची. बाकी सगळं सरळ असताना एक वाकडी पट्टी डोळ्याला टोचत राहते. धावपट्टी अडलेली असेल तर तिच्या जागी लाल पट्टी आडवी टाकायची. १९९० च्या दशकात फ्रान्समध्ये आणि ब्रिटनमध्ये संशोधक कागद घालवून संगणक आणायच्या तयारीने गेले आणि हे पाहून थबकले. हाताने लिहिताना, पट्टी सरकवताना कंट्रोलर विचारच करत होता. शेजारी बसलेला सहकारी नुसता हाताच्या हालचालीवरून ओळखत होता, की आता याच्याशी बोलू नये. आता बऱ्याच ठिकाणी स्ट्रिप पडद्यावर आली आहे, पण ती तिरकी करायची सोय तिथेही ठेवावी लागली.

दुसरा टेकू आवाजाचा. कंट्रोलरने आदेश दिला की पायलटने तो जसाच्या तसा उच्चारून दाखवायचा, आणि कंट्रोलरने तो नीट ऐकायचा. ऐकणं सांगण्याइतकंच कष्टाचं, कारण आपण जे ऐकायची वाट पाहत असतो तेच आपल्याला ऐकू येतं. भारतात त्यात एक खास अडचण आहे. देशांतर्गत निम्म्याहून जास्त प्रवासी इंडिगोने जातात आणि रेडिओवर इंडिगोचं नाव आहे ‘आयफ्लाय’. म्हणजे एकाच वेळी चार-सहा आयफ्लाय कानात, फरक फक्त आकड्यांचा. आकड्यांचे उच्चारही म्हणून मुद्दाम वेगळे केलेले: नाइनचं ‘नाइनर’, थ्रीचं ‘ट्री’, फाइव्हचं ‘फाइफ’. हे वळण जिभेला आणि कानाला लावायचं प्रशिक्षण भारतात प्रयागराजला, हैदराबादला मिळतं, आणि आपल्याकडे गोंदियालाही. विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी घेतलेली मुलं-मुली तिथे खोट्या पडद्यावर खोटी विमानं चालवत महिनोन् महिने घाम गाळतात. पुढे नेमणुकीच्या जागी अनुभवी माणूस शेजारी बसवून पुन्हा तेच, या वेळी खऱ्या विमानांवर.

गर्दीची भीती सगळ्यांना कळते. रिकामेपणाची कळत नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश रडारवाले पडद्यावरचे ठिपके का चुकवतात, म्हणून नॉर्मन मॅकवर्थने एक साधं घड्याळ बनवलं. काटा टकटक पुढे सरकायचा, अधूनमधून दुप्पट उडी मारायचा. ती उडी ओळखायची. १९४८ मध्ये त्याने प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या अर्ध्या तासानंतरच चुका वाढायला लागतात. पहाटे तीनला दोन विमानं असलेला पडदा असाच असतो. आणखी एक फसवी वेळ म्हणजे गर्दी नुकतीच ओसरल्यानंतरची. ताण उतरतो, गप्पा सुरू होतात, आणि नेमकं तेव्हा काहीतरी नजरेतून निसटतं. ब्रिटनमध्ये साधारणपणे सलग दोन तासांच्या वर खुर्चीत बसता येत नाही. अर्ध्या तासाची सुट्टी घ्यावीच लागते.

आणि एवढं सगळं करूनही डोकं भरलंच तर? तर आकाशाचे दोन तुकडे करतात. एका सेक्टरचे दोन सेक्टर होतात, शेजारची रिकामी खुर्ची भरते, निम्मी विमानं तिकडे जातात. पण हे किती वेळा करणार? तुकडा फार लहान झाला तर विमान आत आलं-नाही तोच पुढच्याकडे सोपवावं लागतं, आणि सोपवण्याचंच काम वाढतं. म्हणून एका सेक्टरमध्ये किती विमानं, हा आकडा आधीच ठरवतात. तो आकाशाच्या लांबी-रुंदीवरून येत नाही, माणसाच्या वेळावरून येतो. अमेरिकेतला ढोबळ हिशेब असा, की एका विमानामागे कंट्रोलरची ३६ सेकंदं जातात. विमान सेक्टरमध्ये सरासरी दहा मिनिटं राहत असेल, तर एका वेळी सतरा. आणि विमान कितीही वेळ राहणार असलं, तरी मूळ तक्त्यात अठराच्या वर आकडा नाही.

त्याच्या वरची विमानं मग जमिनीवरच अडवतात. भारतात हे जुळवणारं केंद्र दिल्लीत आहे. मुंबईत अमुक वाजता इतकीच मावतील असं दिसलं, की ते बेंगळुरू, हैदराबाद, दिल्लीच्या विमानांना उड्डाणाची नवी वेळ देतं. हैदराबादला दार लावून, पट्टे बांधून बसलेल्या प्रवाशांना कॅप्टन सांगतो, मुंबईत ट्रॅफिक आहे, वीस मिनिटं थांबावं लागेल. लोक फोन काढतात, कुणी कंपनीला शिव्या घालतं. ती वीस मिनिटं सरली की विमान निघतं आणि पाऊणएक तासाने शिरूर-दौंडच्या वरून खाली उतरायला लागतं. त्या वेळी मुंबईच्या खोलीत त्याच्यासाठी छत्तीस सेकंदं मोकळी ठेवलेली असतात.